काकूंनी टोमॅटो खाल्ला नाही

परवा काकू गच्चीवर आल्या होत्या, सहजच, गुडघे दुखत असताना जिने चढून. टोमॅटोचं झाड बघून खूश झाल्या. ते आहेही यंदा बघण्यासारखं, पानं अगदी काळपट हिरवी आणि छोट्या टोमॅटोंचे घोस कुंडीच्या कडेवरून खाली आलेले. त्यांनी एक तोडला, ड्रेसला पुसला आणि तोंडाकडे नेता नेता विचारलं, "काय गं, खत कुठलं घालतेस?" आता यावर मी काहीही सांगून वेळ मारून नेऊ शकले असते, पण काकू मला मी दुपट्यात होते तेव्हापासून ओळखतात, त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ वळत नाही. म्हटलं, "लघवी, काकू. आमचीच. पाणी घालून." हात थांबला, तोंडापासून चार बोटांवर. मग त्या हसल्या, "काहीतरीच बाई तुझं" म्हणाल्या, टोमॅटो मुठीतच राहिला आणि पुढचा बराच वेळ आम्ही त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललो. त्या गेल्यावर कठड्यावर, मोठ्या कुंडीच्या मागे, तो टोमॅटो ठेवलेला सापडला. फेकला नव्हता हं. मला दिसणार नाही अशा बेताने ठेवला होता.

मी उचलून खाल्ला. चांगला गोड होता.

राग वगैरे नाही आला, पण ते डोक्यातून जाईना. कारण काकू काही नाजूक स्वभावाच्या नाहीत. शेणखताच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून ढेकळं फोडताना मी त्यांना पाहिलंय. हाडांचा चुरा, माशांचं खत, कोंबडीखत, सगळं त्यांच्या कुंड्यांत गेलेलं आहे, आणि त्या कुंड्यांतली मिरची त्या तोडून तशीच चावतात. जंतूंच्या हिशोबाने बघितलं तर ताज्या शेणापुढे किंवा कोंबडीखतापुढे निरोगी माणसाची लघवी म्हणजे फारच सभ्य प्रकरण आहे. पूर्ण निर्जंतुक असते असं जे लोक ठासून सांगतात ते खरं नाही, मूत्राशयातसुद्धा बॅक्टेरिया असतात हे आता दिसून आलंय, पण खरा धोका विष्ठेत असतो, लघवीत त्या मानाने नगण्य. तर मग हात थांबला तो कशाला? जनावराचं चालतं, मेलेल्या माशाचं चालतं, आणि जिला आपण लहानपणी कडेवर घेतलं, जिची दुपटी बदलली, तिचं नाही?

माझी सुरुवात मोठी काही पर्यावरणप्रेमातून झाली नाही. लिंबाची खालची पानं पिवळी पडत होती. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात तेव्हा बहुतेक वेळा नायट्रोजन कमी असतो, कारण तो झाडाच्या आत हलतो, झाड जुन्या पानातला काढून नव्या पालवीला देतं. त्यावर उपाय म्हणजे युरिया. आणि युरिया म्हटलं की शाळेतला तो धडा आठवतो, 1828 साली व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि आपल्या गुरूला, बर्झेलियसला, पत्र लिहून कळवलं की आता यासाठी ना माणसाची किडनी लागते ना कुत्र्याची. तेव्हा आम्हाला ते फार भारी वाटलेलं. पण लिंबाच्या कुंडीसमोर उभं राहून मला एकदम उलटं वाटलं, की अरे, म्हणजे किडनीवालाही चालतोच की. गोणीत जे पांढरे दाणे मिळतात तेच मी रोज सकाळी उठून पहिलं काम म्हणून पाण्यात सोडून देते, वर बटण दाबून आणखी पाणी ओतते.

हे एकदा डोक्यात शिरलं की मग जात नाही. मोठ्या माणसाच्या अंगात नायट्रोजन साठत नाही. मुलं वाढत असतात म्हणून थोडाफार ठेवून घेतात, आपण जितका खातो तितका बाहेर टाकतो, आणि त्यातला मोठा वाटा लघवीतून. माणशी वर्षाला साधारण 500 लिटर लघवी, त्यात 4 किलोच्या आसपास नायट्रोजन, शिवाय फॉस्फरस आणि पोटॅश. एवढ्यावर 300 ते 400 चौरस मीटर जमीन वर्षभर पोसता येते. गटारातून जे पाणी वाहतं त्यात लघवी एक टक्कासुद्धा नसते, पण त्या पाण्यातला सुमारे 80 टक्के नायट्रोजन आणि जवळपास निम्मा फॉस्फरस त्या एक टक्क्यात असतो. एवढीशी गोष्ट आपण शंभरपट पाण्यात मिसळतो आणि मग ती परत वेगळी कशी काढायची याची चिंता करत बसतो.

दुसऱ्या टोकाचा खेळ त्याहून मजेशीर. हवेतला नायट्रोजन खताच्या रूपात पकडायची किमया हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये करून दाखवली, 1913 मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊला बॉशने त्याचा कारखाना उभा केला, आणि आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या नायट्रोजनवर वाढलेलं अन्न खातात. त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण त्यासाठी 400 ते 500 अंश तापमान, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शेकडो पट दाब आणि ढीगभर नैसर्गिक वायू लागतो. मग तो नायट्रोजन धान्यात, धान्य पोटात, पोटातून कमोडमध्ये, आणि जिथे सांडपाण्याचं चांगलं शुद्धीकरण होतं तिथे टाक्यांमध्ये दिवसरात्र हवा फुंकून बॅक्टेरियांकडून तोच नायट्रोजन परत हवेत सोडून द्यायचा. हवेतून काढायला इंधन आणि हवेत घालायला वीज. जिथे शुद्धीकरण नाही तिथे तो नदीत जातो, शेवाळ माजतं, मासे मरतात.

बरं, आता प्रत्यक्षात काय करावं लागतं ते सांगते, कारण याबद्दल लिहिणारे लोक इथे फार पटकन पुढे सरकतात. बहुतेक सल्ले उभ्याने करणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. "एक बाटली घ्या." घ्या काय, बाईमाणसाने बाटली घेऊन करायचं काय? मी एक जुना प्लॅस्टिकचा मग बाथरूममध्ये वेगळा ठेवला, रुंद तोंडाचा, आणि एक नरसाळं. पाळीच्या दिवसांत नाही, आणि घरात कोणी अँटिबायोटिक किंवा दुसरं काही भारी औषध घेत असेल तर त्याची नाही, कारण औषधं बऱ्यापैकी लघवीवाटेच बाहेर पडतात आणि त्यातली काही मातीतसुद्धा चिवटपणे टिकतात. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की रंग असा झगझगीत पिवळा येतो की पहिल्यांदा मी घाबरलेच, मग कळलं की शरीराने नको असलेलं जीवनसत्त्व सरळ परत केलंय. ताजी असताना वास जवळजवळ नसतो, हे कोणी लक्षात घेत नाही. एकाला आठ-दहा पट पाणी घालून लगेच ओतली, पानांवर न उडवता, बुंध्यापासून जरा लांब, मातीत छोटासा चर करून, आणि वरून थोडं साधं पाणी सोडलं, तर शेजारी बसून चहा प्यायला हरकत नाही.

वास येतो तो ठेवल्यावर.

कॅनमध्ये काही दिवस राहिली की बॅक्टेरिया युरियाचा अमोनिया करतात, सामू, म्हणजे पीएच, सहाच्या आसपास असतो तो नऊपर्यंत चढतो आणि मग झाकण उघडताना नाकात जे जातं ते डोळ्यांत पाणी आणतं. केस रंगवायच्या डायचा तो जो झणका असतो ना, तो अमोनियाच, फक्त इथे सोबत सार्वजनिक मुतारीची आठवण फुकट. या वासाचे दोन अर्थ आहेत आणि मला दोन्ही आवडतात. एक म्हणजे नाकात येतोय तो नायट्रोजन आहे, म्हणजे खत उडून चाललंय, झाकण लाव बाई. आणि दुसरं म्हणजे हाच अमोनिया आणि हाच चढलेला सामू आतले रोगजंतू मारत असतो. म्हणून झाकण घट्ट लावलेला, न हलवलेला कॅन हळूहळू स्वतःच स्वतःला स्वच्छ करत जातो. जुना कॅन रिकामा करताना तळाला पांढरट कचकच दिसते, बारीक वाळूइतकी, ग्लोव्ह घालून चिमटीत घेतली तर खडे जाणवतात, काहींना चक्क चकाकणारे पैलू असतात. बराचसा तो स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक, सामू वाढला की आपोआप तळाशी बसणारा. मी तो खरवडून गुलाबाला घालते. फॉस्फरस हळूहळू सोडतो. जगातल्या फॉस्फेटच्या खडकाचा सगळ्यात मोठा साठा, 70 टक्क्यांच्या आसपास, मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे आणि थोडासा माझ्या कॅनच्या तळाला. फॉस्फरस हे मूलद्रव्यच मुळी लघवीत सापडलंय, 1669 मध्ये हँबुर्गच्या हेनिग ब्रँडला, तो बिचारा सोनं काढायला म्हणून कुजवलेली लघवी आटवत होता आणि मिळालं ते अंधारात चमकणारं काहीतरी. त्याच्या घरच्यांचं मला नेहमी वाटतं. एवढ्या लघवीचा तो वास, आणि वर "सोनं निघणार आहे" हे ऐकून घ्यायचं.

आमच्या घरच्यांचं म्हणाल तर नवऱ्याने आधी डोक्याला हात लावला आणि मग लिंबाला पालवी फुटल्यावर गुपचूप सामील झाला. मुलीने स्पष्ट नाही सांगितलं, आणि तिच्या मैत्रिणी येतात तेव्हा तो प्लॅस्टिकचा मग कपाटात जायला हवा ही अट घातली, ती मी पाळते. पण खरी गंमत धाकट्या दिराची. तो आला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं, त्याला कल्पना जाम आवडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना त्याने माझ्या हातात एक भरलेली बाटली ठेवली. "वहिनी, माझ्याकडून झाडांना." काय सांगू, बाटली कोमट होती. मी थँक्यू म्हटलं, दोन बोटांत धरून आत नेली आणि त्याची पाठ वळल्यावर कमोडमध्ये ओतून फ्लश केली. नवऱ्याची चालते, सख्ख्या भावाची कदाचित चालली असती, दिराची नाही चालली. दीर निरोगी आहे, रोज पोहतो, तपासणी केली तर माझ्यापेक्षा त्याचीच उजवी निघेल. तरीही अंगावर काटा आला तो आलाच, आणि कुठलंही वाचन त्या वेळी कामी आलं नाही. तेव्हा काकूंना हसायचा मला तसाही फारसा अधिकार नाही.

आणि मग जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचताना मी थबकले. त्यांनी लघवीच्या वापराचे नियम घातलेत, आणि त्यातली मुख्य रेघ कुठे मारलीय तर घराच्या उंबऱ्यावर. एका कुटुंबाची लघवी, त्याच कुटुंबाची बाग, आणि त्याच कुटुंबाने खायचं असेल तर साठवायचीसुद्धा गरज नाही, फक्त शेवटचं खत आणि तोडणी यात महिनाभर जाऊ द्या. पण बऱ्याच घरांची एकत्र केलेली असेल, पीक बाहेरच्यांनी खायचं असेल, तर 20 अंशांवर किंवा त्याहून उबदार जागी साठवा. शिजवून किंवा प्रक्रिया करून खायची पिकं असतील तर एक महिना, कच्च्यासकट कुठल्याही पिकाला वापरायची असेल तर सहा महिने. कारण साधं आहे, एका घरातली माणसं एकमेकांचे जंतू असेही दाराच्या कडीवरून, टॉवेलवरून, एकमेकांच्या ताटातून घेतच असतात, बागेमुळे त्यात फारशी भर पडत नाही. परक्याचे जंतू मात्र नवे असतात. म्हणजे काकूंचा हात जिथे थांबला, दिराची बाटली जिथे माझ्या दोन बोटांत आली, तिथेच ही रेघ आहे. किळस मूर्ख असते असं मी इतकी वर्षं समजत होते, पण तिला निदान पत्ता बरोबर माहीत होता. फरक इतकाच की नियम सांगतो सहा महिने थांबा आणि मग खुशाल खा, आणि किळस असली मुदत मानत नाही. काकूंनी तोडलेला टोमॅटो जुन्या कॅनवरचा होता, पाहुण्यांना द्यायच्या कुंड्यांना मी तोच वापरते. नियमाने तो त्यांचा होता.

फिनलंडमध्ये संशोधकांनी कोबीवर आणि टोमॅटोवर हे करून बघितलंय. 2009 च्या टोमॅटोच्या प्रयोगात लघवी घातलेल्या झाडांना रासायनिक खताच्या झाडांइतकीच फळं लागली, बिनखताच्या झाडांच्या चौपटीहून जास्त, आणि चव घेणाऱ्यांना वावगं काही लागलं नाही. ती चव घेणारी माणसं मला कायम डोळ्यासमोर येतात. त्यांना आधी सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर पहिल्या घासाला कोणाचा हात चार बोटांवर थांबला असेल का? आफ्रिकेत नायजरमध्ये शेतकरी बायकांनी साठवून सुरक्षित केलेली लघवी बाजरीला घातली, कणसांचं उत्पन्न 30 टक्क्यांच्या आसपास वाढलं, पण त्याआधी त्या द्रवाला वेगळं, साहेबी थाटाचं नाव द्यावं लागलं कारण मूळ नावाने कोणी बोलायला तयार नव्हतं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावात 2012 पासून रिच अर्थ नावाची संस्था लोकांकडून लघवी गोळा करते, तापवून सुरक्षित करते आणि गवताच्या शेतांना देते. लोक स्वतः कॅन भरून नेऊन देतात. माणसं रांगेत उभी, हातात कॅन, आणि गप्पा हवापाण्याच्या, हे मला फार बघायचंय.

रोमन लोकांना याचं काही वाटत नव्हतं असं म्हणतात, सम्राट व्हेस्पासियनने मुताऱ्यांतल्या लघवीवर कर लावला आणि मुलाच्या नाकाला नाणं लावून विचारलं की वास येतो का, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. मला त्या गोष्टीत राजा नाही दिसत, मला ते धोबी दिसतात. अमोनियाने कपड्यातली चिकटी निघते म्हणून शिळ्या लघवीच्या हौदात उभं राहून पायांनी कपडे तुडवणारी माणसं, पाँपेईला भिंतीवर त्यांची चित्रं आहेत. नाण्याला वास नसेल, त्यांच्या पायांना असणारच. वरच्याने पैसे मोजायचे आणि खालच्याने वास घ्यायचा, ही वाटणी जुनीच आहे, आणि लघवीचं खत मोठ्या प्रमाणावर करायचं म्हटलं की मला पहिली भीती हीच वाटते. स्वतःचा कॅन स्वतः उचलणं वेगळं. हजार घरांचे कॅन उचलायला उद्या कोणाला लावणार, हे कोणी बोलत नाही.

आणखी एक तक्रार, म्हणजे उत्साही मंडळींबद्दल. ते मीठ विसरतात. लघवीत मीठ भरपूर, जमिनीत पाऊस ते खाली घेऊन जातो, कुंडीत ते जाणार कुठे? कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसायला लागली, पानांची टोकं करपायला लागली की मी तिथलं बंद करते आणि भरपूर साधं पाणी सोडून माती धुऊन काढते. आणि टोमॅटोला फार लाड केले तर पानंच पानं येतात, फुलं रुसतात. सगळीच्या सगळी वापरायची हौसही फोल आहे, गच्चीला लागते ती घरात तयार होते त्याच्या कितीतरी कमी, नाहीतर आमच्याकडे माणसांपेक्षा कॅन जास्त झाले असते. उरलेली मी वाळल्या पानांच्या ढिगावर टाकते, पानांत कार्बन जास्त आणि नायट्रोजन कमी, त्यामुळे ढीग लवकर कुजतो. त्यातूनही उरते ती जाते जिथे सगळ्यांची जाते तिथेच.

सध्या बाथरूमची दुरुस्ती निघालीय, त्यामुळे हा विषय घरात परत वर आला. आता असे कमोड निघालेत ज्यांच्यात लघवी आपोआप वेगळी होते. त्यातला एक युक्तीबाज आहे, ऑस्ट्रियातल्या इओस या डिझायनर मंडळींचा, किटलीच्या तोंडावरून चहा कसा धार न पडता बुडाकडे ओघळतो, तेच तत्त्व वापरून लघवी भांड्याच्या कडेला चिकटून वेगळ्या भोकात जाते आणि बाकीचं सगळं पुढे. तसला काही आम्ही घेत नाही आहोत, पण निदान एक साधं युरिनल आणि त्याचा वेगळा पाइप खाली कॅनकडे काढता येईल का, असं मी प्लंबरला विचारायचं ठरवलं. नवरा म्हणाला, तूच विचार, मी तेव्हा खाली जातो. तो गेलाही. मी बरीच प्रस्तावना केली, बाग, खत, पाणी वाचवणं, काय काय. प्लंबरने टेपने मोजता मोजता ऐकलं, आणि काकूंसारखं हसेल, निदान भुवई तरी उचलेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, तर तो म्हणाला, "ताई, पाइप मोठा टाकू आणि उतार चांगला देऊ. काटकोनात वळवायचा नाही. लघवीच्या पाइपात दगड धरतो, पांढरा, लई कडक, ऑफिसातल्या मुताऱ्यांचे पाइप आम्ही त्यानेच तर बदलतो." मी म्हटलं तो दगडही खत आहे. त्यावर मात्र त्याने टेप खाली ठेवला. मागच्याच महिन्यात पोतंभर असले पाइप फेकले म्हणाला, पुढच्या वेळी आणून देऊ का? आणि मी, दिराची बाटली फ्लश करणारी, अनोळखी ऑफिसातल्या अनोळखी लोकांच्या त्या दगडाला लगेच हो म्हणाले.